काकू, शिबिरात जाऊन मले काय भेटते?

या वेळचं पत्र घाटंजी तालुक्यातल्या एका पोरीचं आहे. नाव-गाव काढून, थोडं छोटं करून देतेय.

"काकू, मी २२ वर्षांची आहे, बीएस्सी झालं, आता एमपीएससीचा अभ्यास करून राहिली. मागच्या वर्षीपासून उन्हाळ्यात एका संस्थेच्या निवासी शिबिरात गटताई म्हणून जाते. आठवी ते दहावीचे पोट्टे-पोट्ट्या असतात, काही आसपासच्या गावातले, काही आश्रमशाळेतले. सात दिवस जीव तोडून करते, शेवटच्या दिवशी सगळे गळ्यात पडून रडतात, आणि महिन्याभरात एकाचाही फोन नाही. आई म्हणते कायले फुकटची हमाली करतेस, आणि खरं सांगू का, कधी कधी मलेही तसंच वाटते. यंदा माझ्या गटात एक पोट्टा होता, त्यानं वैताग आणला, बौद्धिकात कमेंटा मारायचा, रात्री चपला लपवायचा, मग एका सरांनी त्याला सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या आणि मी काहीच बोलली नाही. आणि एक नववीतली पोरगी, तिनं रात्री माझ्या गळ्याची शपथ घालून सांगितलं की मृग लागायच्या आधी घरचे तिचं लग्न उरकून राहिले. मी कोणालाच सांगितलं नाही. झोप लागत नाही. पुढच्या वर्षी जाऊ की नको?"

पोरी, तुझं पत्र हाती आलं त्याच दिवशी मी तुला फोन केला, कारण मृग काही आपल्या सदराची वाट पाहत थांबत नाही. तेव्हा आपण जे बोललो ते इथं परत लिहितेय, कारण अशा गटताया आणि गटदादा गावोगावी आहेत आणि त्यांच्याही उशाशी अशीच एखादी शपथ असंल.

शपथ मोडायची. सरळ मोडायची, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पोरीचं वय अठराच्या आत असंल तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं ते लग्न गुन्हा आहे, आणि नुसत्या मायबापाचा नाही तर लावणाऱ्याचा, ठरवणाऱ्याचा, जेवायला जाऊन अक्षता टाकणाऱ्याचाही, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्याकडं खेड्यात बालविवाह थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात कोणी तसं म्हणत नाही), आणि त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका. गावातल्या गावात बोलायची भीती वाटत असंल, आणि ती वाटतेच, ग्रामसेवक उद्या त्याच घरी चहा प्यायला बसणार असतो, तर १०९८ हा नंबर आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, सांगणाऱ्याचं नाव फोडत नाहीत. पोरीचं नाव, गाव, शाळा, अंदाजे तारीख एवढं सांगता आलं तरी पुरते. तुझ्याकडं कागदाचा पुरावा पाहिजे असं काही नाही, वयाचा दाखला शाळेतून काढणं हे त्यांचं काम.

पण त्याच्या आधी दोन गोष्टी. एक, शिबिराच्या प्रमुखाला सांगायचं, कारण पोरगी त्यांच्या शिबिरात आली होती, ही त्यांचीही जबाबदारी आहे आणि तू २२ वर्षांची पोरगी हे एकटीनं अंगावर घ्यायचं काही कारण नाही. दुसरं, जमलं तर त्या पोरीलाच आधी सांगायचं की मी हे सांगून राहिली. तिच्या घरच्या फोनवर नाही हं, तो फोन बापाच्या खिशात असतो. तिच्या शाळेतल्या एखाद्या मॅडम, तिथली आशाताई, कोणीतरी जाऊन तिला एकटीला भेटू शकेल असं माणूस शोध. आणि तसं माणूस दोन दिवसात नाही सापडलं तर तिला न सांगता फोन लाव, तारीख निघून गेली तर मग कोणाला सांगून काय उपयोग. ती रागावेल, म्हणेल ताईनं विश्वासघात केला, कदाचित कायमचं बोलणं सोडेल. सोडू दे. या कामात एवढं सोसावं लागते बाप्पा.

आणि हेही ध्यानात ठेव, मांडव उठवला म्हणजे काम झालं असं नसते. पोलीस आले, मायबापानं लिहून दिलं, आणि दोन-तीन महिन्यांनी मामाच्या गावाला नेऊन गुपचूप हळद लावली असंही होते. म्हणून मायबाप काहून करून राहिले ते समजून घेणारं कोणी पाहिजे. बहुतेक वेळा ते राक्षस नसतात. गावात शाळा आठवीपर्यंतच असते, पुढची शाळा सात-आठ किलोमीटरवर, कापूस वेचायला बाहेर गेलं की तरणी पोरगी घरी एकटी, आणि 'काही झालं तर' ही भीती. अशा वेळी कोणीतरी जाऊन सांगावं लागते की मानव विकासची निळी बस या रस्त्यानं जाते का ते पाहू, पोरींना एसटीचा पास फुकट आहे, तालुक्याला मुलींचं वसतिगृह आहे, तिथं अर्ज कधी सुरू होतात ते विचारू. हे सांगणारं माणूस तू असायला पाहिजेस असं नाही. पण कोणीतरी सांगून राहिलं ना, एवढी खात्री तू करून घेऊ शकतेस.

आता पुढच्यासाठी. रात्री दिवे गेल्यावर, अंथरुणावर पडल्या पडल्या पोरी बोलतात, दिवसा कधीच नाही, आणि सुरुवात नेहमी तशीच असते, ताई एक सांगू, पण कोणाला सांगशील नको. त्या वेळी मोह होतो ना, की हो म्हणावं, कारण तिनं सगळ्यांतून आपल्याला निवडलं याचाच आनंद असतो. तिथं थांबायचं. म्हणायचं, "सांग, मी ऐकते, पण तुझ्या जिवाला धोका असंल अशी गोष्ट असंल तर मी एकटी पोटात ठेवू शकणार नाही, कोणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू." मी पाहिलेल्या बहुतेक पोरी हे ऐकूनही सांगतात, कारण त्यांना आतून कोणीतरी हलावं असंच वाटत असते. आणि गोष्ट जर अंगाला हात लावल्याची असंल, घरातल्या कोणी, शाळेतल्या कोणी, किंवा शिबिरातल्याच कोणी, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. खोदून खोदून विचारू नको, तू काही ठाणेदार नाही. ती जे बोलली ते तिच्याच शब्दात वहीत लिहून ठेव, तारीख टाक, आणि शिबिरप्रमुखाकडं जा. प्रमुखच त्यातला असंल तर सरळ १०९८.

हे झालं. आता तुझ्या त्या पोट्ट्याकडं येऊ, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात छोटी ओळ तीच होती, 'मी काहीच बोलली नाही', आणि मला ती सगळ्यात जास्त टोचली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत पोराला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलं आहे. शिबिर म्हणजे शाळा नाही असं ते सर म्हणतील, म्हणू दे, पण शाळेत जे चालत नाही ते माळरानावर तंबू ठोकला म्हणून चालायला लागत नाही. तू सरांशी सगळ्यांसमोर भांडायला पाहिजे होतं असं मी म्हणत नाही. पण उठाबशा झाल्यावर त्या पोट्ट्याजवळ जाऊन बसायला पाहिजे होतं, काही न बोलता सुद्धा. ते अजूनही करता येते, त्याची शाळा तुला माहीत असंल.

आणि मुळात तो कमेंटा काहून मारत होता? मला विचारशील तर त्या बौद्धिकालाच उठाबशा काढायला लावाव्या. मे महिना, दुपारचे तीन, टिनाचं शेड, अध्यक्ष महोदय दीड तास उशिरा आले, मग हारतुरे, मग परिचय, मग 'तरुणांनी काय करावं' यावर सव्वा तास. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अशा वेळी तेरा वर्षाचं पोट्टं चुळबुळ करत नसंल तर त्याला ऊन तर नाही लागलं हे पाहायला पाहिजे. (खरंच पाहायला पाहिजे. डोकं दुखते, मळमळते, घाम यायचा थांबला, बोलणं बरळल्यासारखं वाटते, असं काही दिसलं की सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ ला फोन. पोरगं शुद्धीत असंल तरच घोट घोट ओआरएस, एक पाकीट एक लिटर पाण्यात. कांदा नाकाला लावून बसू नका.)

अशा पोट्ट्यांसाठी माझा एकच आवडता उपाय आहे, त्याला पंगतीत वाढायला लावायचं. वरणाची बादली हातात द्यायची. बादली हातात आली की पोट्ट्याची चालच बदलते, त्याला कोणाला काय पाहिजे ते दिसायला लागते, लहान पोराला परत वाढायचं, मोठ्याला थांब म्हणायचं, आणि सगळे जेवल्यावर मग आपण बसायचं. दर वेळी चालते असं नाही, एकानं सगळं वरण आपल्या दोस्तांच्याच ताटात ओतलेलं मी पाहिलं आहे. पण उठाबशांपेक्षा जास्त वेळा चालते.

झरी जामणीकडच्या एका शिबिरातलं सांगते. आश्रमशाळेतला एक कोलाम आदिवासी पोरगा होता, सातवी-आठवीचा, तीन दिवस तोंडातून शब्द नाही. त्याच्या गटताईनं वहीत लिहून ठेवलं होतं 'सहभाग नाही'. आता गंमत अशी की शिबिराची भाषा पुस्तकी मराठी, आणि याच्या घरची भाषा कोलामी, कोणी पाच मिनिटांत 'तुमची स्वप्नं सांगा' म्हटलं तर तो काय सांगणार. चौथ्या दिवशी श्रमदानाला नाल्यावर दगडी बांध घालायचा होता. शहरातून आलेले दादालोक हाती येईल तो दगड हाती येईल तसा रचत होते आणि तो ढासळत होता. या पोरानं थोडा वेळ पाहिलं, मग काही न बोलता वरचे चार दगड काढले, एक मोठा चपटा दगड उताराकडं तोंड करून खाली बसवला, त्याच्या फटीत बारीक चिपा ठोकल्या, आणि मग वरचा दगड असा ठेवला की दोन खालच्या दगडांच्या सांध्यावर येईल. परत एक. परत एक. दादालोक गुपचूप त्याला दगड आणून द्यायला लागले. जेवायच्या वेळेपर्यंत तो त्या सगळ्यांना ओरडून राहिला होता, असा नको, तो आण, उलटा धर. मराठीत. त्या गटताईनं रात्री वहीतली ओळ खोडली.

तू विचारतेस ना काय भेटते, हेच भेटते. एवढंच भेटते म्हटलं तरी चालेल. पोरगं कसं आहे याबद्दल आपण मनात जे लिहून ठेवलेलं असते ते चुकलेलं पाहायला भेटते, आणि ते पाहायला तू तिथं नाल्यावर उन्हात उभी असावी लागतेस, घरी बसून नाही भेटत.

आणि मग ते पोरगं तुला विसरून जाते. जाऊ दे की. तुला वाटते सात दिवसात काही बदललं नाही म्हणजे मेहनत वाया गेली. पण सात दिवसांवर एवढा भार कोणी टाकला? कॉलेजातल्या एनएसएसचंच (राष्ट्रीय सेवा योजनेचं) पाय, १९६९ साली ते सुरू झालं, त्याची मांडणी अशी आहे की स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं, आणि सात दिवसांचं शिबिर हे त्या दोन वर्षांच्या कामातलंच एक, तेही दत्तक घेतलेल्या गावात, जिथं वर्षभर जाणं-येणं असते. आता कॉलेजं फक्त शिबिराचे फोटो काढतात ही गोष्ट वेगळी. तिकडं गडचिरोलीला सर्चवाल्यांनी, डॉ. अभय आणि राणी बंगांनी, २००६ ला तरुणांसाठी 'निर्माण' सुरू केलं तेही एका शिबिराचं नाही, मधे काही महिने जाऊ देऊन परत परत भेटणाऱ्या शिबिरांची मालिका आहे. बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी साठच्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, दर मे महिन्यात तिथं पोरं मुलच्या जंगलात जाऊन घाम गाळायची, आणि १९८५ ला बाबांनी कन्याकुमारीहून भारत जोडोच्या सायकली काढल्या तेव्हा त्यात तरुण पोरं-पोरीच होते. तोपर्यंत छावणी किती वर्षं चालू होती ते मोज. तू एका मे महिन्याचा हिशोब जून महिन्यात मागून राहिली.

म्हणून शिबिर संपताना तू रडणाऱ्या पोरांना आपला नंबर देत बसू नको. मला माहीत आहे सगळे देतात, ग्रुप बनतो, आठ दिवस गुड मॉर्निंग चालते, मग एक जण कोणती तरी फालतू क्लिप टाकतो आणि संपते. त्यापेक्षा शेवटच्या दिवशी प्रत्येक पोराला विचार, तुझ्या गावात असं कोण आहे की ज्याला तू अडचण सांगू शकतोस? कोणी शाळेतले सर सांगेल, कोणी आजी, कोणी दुकानवाला भाऊ. आणि ज्याला एकही नाव सांगता आलं नाही ते पोरगं ध्यानात ठेव. एवढ्यांपुरतं शाळेत, आश्रमशाळेत, एखाद्या भल्या मास्तराला जाऊन भेट, जून महिन्यात, शाळा सुरू झाल्या झाल्या. चाळीस पोरांच्या मागं तू धावू शकत नाहीस, दोन-तिघांच्या मागं एक चक्कर होते. आणि इन्स्टावर रात्री अकरा वाजता पोरांशी गप्पा नको, पोरगी असो की पोरगा, तू कितीही चांगल्या मनानं करत असलीस तरी. हे दादालोकांना तर मी दहादा सांगेन. शिबिरातही दार लावून एकट्या पोराशी बोलायचं नाही, व्हरांड्यात बसायचं, जिथं सगळे पाहतात पण ऐकू येत नाही.

आईबद्दल. आईची बाजू मी थोडी घेणार आहे, रागावू नको. फुकटची हमाली हा शब्द कडू आहे पण त्यात तथ्य नाही असं नाही. संस्थेनं जेवणाचा, मांडवाचा, पाहुण्याच्या गाडीचा खर्च धरला असतो आणि गटताईचं एसटीचं भाडं मात्र 'सेवाभावात' टाकलेलं असते. भाडं माग. लाजू नको. आणि झोप माग, हे भाड्याहून महत्त्वाचं. रात्री बारापर्यंत पोरी झोपत नाहीत, पहाटे पाचला प्रभातफेरी, दुपारी तुमची मीटिंग, असं सात दिवस केलं की पाचव्या दिवशी माणूस पोरांवर खेकसायला लागते आणि मग स्वतःलाच वाईट वाटते. रात्रीची पाळी वाटून घ्यायची, एक रात्र जागी तर एक रात्र पूर्ण झोप. परीक्षेच्या चार महिने आधी शिबिर आलं तर नाही म्हणायचं, तू नाही गेलीस तर शिबिर बंद पडत नाही. आईला सांगायचं असंल तर सर्टिफिकेट दाखवू नको, त्यानं आया पटत नाहीत. पुढच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी तिलाच घेऊन जा, स्वयंपाकात हात लावायला. तू चाळीस पोरांना एका आवाजात बसवलेलं पाहू दे तिला.

एक बारकी गोष्ट, तू लिहिली नाही पण मला वाटते तुला माहीत असंल. तुझ्या पिशवीत पॅडची दोन पाकिटं असू दे आणि ती पहिल्याच रात्री सगळ्या पोरींना दाखवून संडासाच्या खिडकीत ठेवून दे, कोणाला मागायला लागू नये. कागद आणि झाकणाची बादली पण. कितीतरी पोरींची 'घरची आठवण येते, मला घरी जायचं' ही तक्रार तिथंच मिटते.

तर पुढच्या वर्षी जाऊ का? जा. पण हो म्हणायच्या आधी आयोजकांना फोन करून विचार. पोरींच्या बाजूला रात्री कोणत्या दोन बाया राहणार, नावं सांगा. पोरं खाली सतरंजीवर झोपणार की खाटा आहेत, खाली असतील तर मच्छरदाण्या आहेत का, कारण आपल्याकडं मण्यार रात्रीच अंथरुणात येते आणि ती चावलेलं कळतही नाही. विषावरची लस असलेला सर्वात जवळचा दवाखाना कोणता आणि रात्री गाडी कोणाची. पोरांना नदीवर, तळ्यावर नेणार असाल तर काठावर पोहता येणारं कोण. दुपारी बारा ते चार उन्हात काही ठेवलं आहे का. पोरानं काही गंभीर सांगितलं तर मी कोणाकडं जायचं. आणि शिक्षा म्हणून काय करता.

याची उत्तरं पटापट आली तर पिशवी भर. 'होऊन जाईल ताई, तू ये फक्त' असं आलं तर त्या वर्षी घरीच राहून राज्यघटनेचे पेपर सोडव, आईलाही बरं वाटेल.